टॅब वाटले, फोटो काढले. पण मुलं शिकली का? अनुदानावर चालणाऱ्या शिक्षण प्रकल्पांचं मूल्यमापन कसं होतं?

इन्स्टाग्राम किंवा लिंक्डइन उघडलं की अशी एखादी पोस्ट हमखास दिसते. गावातली शाळा, मागे कंपनीच्या लोगोचा फ्लेक्स आणि पुढे नवी दप्तरं घेऊन रांगेत उभी असलेली मुलं. खाली आकडे: इतक्या शाळा, इतके हजार विद्यार्थी, इतक्या शिक्षकांना प्रशिक्षण.

हे आकडे बहुतेक वेळा खरेच असतात. तरी दप्तर मिळालेल्या त्या मुलाला आता धडा वाचता येतो का, हे त्यातला एकही आकडा सांगत नाही.

पैसा मात्र मोठा आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजेच सीएसआरवर, खर्च करावी लागते. या खर्चात शिक्षणाचा वाटा कायम वरच्या क्रमांकावर असतो. त्यात देशी-परदेशी फाउंडेशन्सचं अनुदान वेगळं. या पैशाने मुलांच्या शिकण्यात फरक पडला का, हे शोधून काढण्याच्या कामाला मूल्यमापन म्हणतात.

हे काम प्रकल्प संपल्यावर सुरू केलं, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

वाटप झालं म्हणजे शिक्षण झालं?

या क्षेत्रात दोन शब्द सतत कानावर पडतात, 'आउटपुट' आणि 'आउटकम'. पुस्तकं वाटली, वर्ग घेतले, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, हे झालं आउटपुट. संस्थेने काय केलं ते त्यातून कळतं. मुलाला भागाकार येऊ लागला किंवा शाळा सोडलेली मुलगी परत वर्गात आली, हे आउटकम. त्यातून मुलाचं काय झालं ते कळतं.

आउटपुट मोजणं सोपं असतं. पावत्या असतात, हजेरीपट असतो, फोटो असतात. म्हणूनच बहुतेक अहवाल तिथेच थांबतात.

केनियातलं उदाहरण इथे डोळे उघडणारं आहे. १९९०च्या दशकात एका स्वयंसेवी संस्थेने पश्चिम केनियातल्या ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तकं दिली. वर्गात पुस्तकंच नसतील तर मुलं शिकणार कशी, हे कुणालाही पटेल. पॉल ग्लेव, मायकेल क्रेमर आणि सिल्वी मूलाँ या अर्थतज्ज्ञांनी पुस्तकं मिळालेल्या शाळांची तुलना न मिळालेल्या शाळांशी केली, तेव्हा सरासरी गुणांत काहीच वाढ दिसली नाही. फायदा झाला तो फक्त आधीपासून हुशार असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि अनेक मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा होती. वर्गातल्या बहुसंख्य मुलांना ती वाचताच येत नव्हती.

पुस्तक वाटपाचा अहवाल लिहिला असता, तर हाच प्रकल्प शंभर टक्के यशस्वी ठरला असता.

मुंबईतल्या शाळा आणि 'बालसखी'

याच्या उलट, नीट आखलेल्या मूल्यमापनाचं जगभर गाजलेलं एक उदाहरण मुंबईतलं आणि वडोदऱ्यातलं आहे.

माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी सुरू केलेली 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम करत होती. 'बालसखी' हा तिचाच एक कार्यक्रम. कल्पना साधी होती. त्याच परिसरातली, शाळा पूर्ण केलेली एखादी तरुणी रोज शाळेत यायची. तिसरी-चौथीच्या वर्गात मागे पडलेली १५ ते २० मुलं ती दिवसाचे साधारण दोन तास बाजूला घेऊन बसायची आणि अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. तिचं मानधन होतं महिना ५०० ते ७५० रुपये.

मागे पडलेली मुलं किती होती? वडोदऱ्यात सुरुवातीच्या चाचणीत तिसरीतल्या जेमतेम २० टक्के मुलांना पहिलीच्या पातळीचं गणित बरोबर सोडवता आलं. कार्यक्रम सुरू होण्याआधी घेतलेल्या अशा चाचणीला 'बेसलाइन' म्हणतात. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना 'पायाभूत चाचणी' हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे. तीच ही. मूल कुठून निघालं याची नोंदच नसेल, तर ते किती पुढे आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

पण बेसलाइन एकटी पुरत नाही. जूनमध्ये न वाचणारं मूल मार्चमध्ये थोडं तरी वाचू लागतंच. वय वाढतं, शाळेचे शिक्षक शिकवतात, घरी मोठी बहीण अभ्यास घेते. हे सगळं श्रेय प्रकल्पाच्या खात्यात टाकणं बरोबर नाही. त्यासाठी तुलनेचा गट लागतो, म्हणजे परिस्थिती तीच पण कार्यक्रम न मिळालेली मुलं.

इथे नेहमीची अडचण येते. काही शाळांना कार्यक्रम द्यायचा आणि काहींना फक्त चाचणीला बसवायचं, हे मुख्याध्यापकांना कसं सांगणार? आणि ते योग्य तरी आहे का?

बालसखीच्या मूल्यमापनात यावर काढलेला तोडगा आजही शिकण्यासारखा आहे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन या अभ्यासकांनी 'प्रथम'सोबत बसून जी रचना केली, ती साधारण अशी होती: चिठ्ठ्या टाकल्यासारखी शाळांची विभागणी करायची. निम्म्या शाळांना बालसखी द्यायची ती तिसरीसाठी, उरलेल्यांना चौथीसाठी. मग पहिल्या गटातल्या तिसरीची तुलना दुसऱ्या गटातल्या तिसरीशी होऊ शकते आणि चौथीची चौथीशी. प्रत्येक शाळेला बालसखी मिळते, कुणीच रिकाम्या हाताने राहत नाही आणि तुलनाही चोख होते.

अशी रचना कार्यक्रम सुरू होण्याआधी सुचली तरच उपयोग. शाळा निवडून झाल्या, वर्ग सुरू झाले, की ही संधी गेली.

निकाल काय लागला? दोन्ही शहरांत मिळून १५ हजारांहून अधिक मुलांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ 'प्रमाण विचलन' इतकी वाढ दिसली. हा संख्याशास्त्रातला शब्द सोप्या भाषेत असा: गुणांनुसार १०० मुलं रांगेत उभी केली आणि एक मूल बरोबर मध्यावर असेल, तर ०.२८ची वाढ म्हणजे ते साधारण ११ जणांना मागे टाकून पुढे गेलं.

फायदा झाला तो प्रामुख्याने मागे पडलेल्या, म्हणजे बालसखीकडे गेलेल्या मुलांचा. ती बाहेर गेल्यामुळे उरलेला वर्ग लहान झाला होता, शिक्षकांना प्रत्येकाकडे अधिक लक्ष देणं शक्य होतं. तरीही वर्गात राहिलेल्या मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. वर्गातली गर्दी कमी केली की शिक्षण आपोआप सुधारतं, या समजाला इथे धक्का बसला.

वडोदऱ्यात सोबत आणखी एक प्रयोग झाला, संगणकावर गणिताचे खेळ. तिथल्या महापालिका शाळांना सरकारने आधीच संगणक दिले होते, पण बहुतेक ठिकाणी ते मुलांच्या हाती पोहोचलेच नव्हते. (हे वाचून तुमच्या शाळेतली कुलूपबंद 'कॉम्प्युटर रूम' आठवली असेल, तर त्यात नवल नाही.) आठवड्याला दोन तास चौथीच्या मुलांना ते खेळ खेळू दिल्यावर गणिताचे गुण बालसखीपेक्षाही जास्त वाढले. दुसऱ्या वर्षी ही वाढ ०.४७ होती.

मग संगणकच घ्यावेत का? इथे मूल्यमापनाचा दुसरा उपयोग कळतो. बालसखीचा खर्च एका मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर होता, तर संगणकाचा सुमारे १५ डॉलर. तेवढ्याच पैशात बालसखी कितीतरी जास्त मुलांपर्यंत पोहोचत होती. नुसता परिणाम पाहिला असता तर संगणक जिंकला असता. परिणामाला खर्चाने भागल्यावर वस्तीतली तरुणी जिंकली.

एक निराशाजनक निष्कर्षही होता. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा वाढलेले गुण बरेच ओसरले होते. सुमारे ०.१० इतकाच फरक उरला होता. हा आकडा अभ्यासकांनी लपवला नाही.

जौनपूर: चांगली कल्पना, शून्य परिणाम

मुंबईनंतर 'प्रथम'समोर प्रश्न होता खेड्यांचा. २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांमध्ये तीन प्रकार करून पाहिले गेले.

पहिल्या प्रकारात गावसभा घेऊन लोकांना शिक्षण समिती, तिचे अधिकार, शाळेचा निधी याची माहिती दिली. दुसऱ्या प्रकारात माहितीसोबत गावकऱ्यांना मुलांची वाचन चाचणी घ्यायला शिकवलं, म्हणजे आपल्या गावातली मुलं किती पाण्यात आहेत ते त्यांचं त्यांनाच दिसावं. तिसऱ्यात हे सगळं होतंच, शिवाय गावातल्या स्वयंसेवक तरुणांना शाळेबाहेर वाचनवर्ग घ्यायचं प्रशिक्षण दिलं.

लोकांना माहिती दिली की लोक जागे होतात, शाळेला जाब विचारतात आणि शाळा सुधारते, हा विचार कुणालाही आवडेल असाच आहे. महाराष्ट्रातही शाळा व्यवस्थापन समित्या याच भरवशावर उभ्या आहेत.

जौनपूरच्या पाहणीत आधीच कळलं होतं की, बहुतेक पालकांना समिती अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं. समितीच्या काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता. सभा झाल्या, लोक आले, बोलले. आणि पहिल्या दोन प्रकारांत ना समित्या सक्रिय झाल्या, ना शिक्षकांच्या वागण्यात फरक पडला, ना मुलांच्या शिकण्यात.

तिसऱ्या प्रकारात चित्र वेगळं होतं. वाचनवर्गाला आलेली मुलं खरोखर वाचू लागली. पण वर्गाला आली होती गावातली जेमतेम ८ टक्के मुलं.

आता कल्पना करा की यातली गावसभांची संख्या तेवढी अहवालात गेली असती. शेकडो सभा, प्रचंड प्रतिसाद, फोटोंनी भरलेली पानं! अनुदान पुढच्या वर्षीही मिळालं असतं आणि सभाही तशाच होत राहिल्या असत्या.

तसं झालं नाही. या अभ्यासाच्या लेखकांमध्ये 'प्रथम'च्या रुक्मिणी बॅनर्जी स्वतः होत्या. आपल्याच संस्थेच्या दोन उपक्रमांचा परिणाम शून्य आहे, असं सांगणारा शोधनिबंध संस्थेच्या माणसाने लिहावा, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. ज्या कामावर शेकडो कार्यकर्त्यांचे पगार अवलंबून असतात, तिथे असा निकाल टेबलावर ठेवायला हिंमत लागते. आणि तो ऐकून पैसे काढून न घेणारा देणगीदारही लागतो.

मग पुढे काय केलं?

मूल्यमापनाचा अहवाल कपाटात जाणं ही या क्षेत्रातली सर्वात नेहमीची गोष्ट आहे. इथे मात्र प्रत्येक निकालातून पुढचा प्रश्न तयार झाला.

जौनपूरने सांगितलं की शिकवण्याची पद्धत चालते, पण शाळेबाहेर पुरेशी मुलं येत नाहीत. मग हीच पद्धत सरकारी शिक्षकांनी वापरली तर? बिहार आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण देऊन पाहिलं. शाळेच्या नेहमीच्या दिवसांत त्याने विशेष फरक पडला नाही. पण बिहारमध्ये उन्हाळी सुट्टीतल्या महिनाभराच्या शिबिरात त्याच सरकारी शिक्षकांनी शिकवलं, तेव्हा मुलं पुढे गेली. म्हणजे शिक्षकांना येत नव्हतं असं नाही. शाळा सुरू झाली की त्यांच्या मानेवर अभ्यासक्रम पूर्ण करण्याचं ओझं असायचं आणि मागे राहिलेल्या मुलासाठी वेळच उरत नसे.

म्हणून हरियाणात २०१२-१३ मध्ये दिवसातला एक तास त्यासाठीच राखून ठेवला. त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून मुलांना त्यांच्या पातळीनुसार बसवायचं, आणि शिक्षकांना मदत करायला प्रशिक्षित पर्यवेक्षक नेमायचे. हिंदी वाचनात सुधारणा दिसली. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये 'प्रथम'च्या कार्यकर्त्यांनी शाळेतच शिबिरं घेतली, वर्षभरात मिळून साधारण ४० ते ५० दिवस. तिथली वाढ या सगळ्या मालिकेत सर्वात मोठ्या परिणामांपैकी होती. मघाच्याच रांगेच्या हिशेबात मध्यावरचं मूल सुमारे २५ जणांच्या पुढे गेलं.

हीच पद्धत आज जगभर 'टीचिंग अ‍ॅट द राइट लेव्हल' म्हणून ओळखली जाते आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांमध्ये वापरली जाते. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबीच्या प्रश्नावर अशा प्रयोगांच्या पद्धतीसाठीच. अभिजित बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, हे तेव्हा आपल्याकडे भरपूर शेअर झालं होतं. बालसखी मात्र फारशी कुणी शेअर केली नाही.

हरियाणातलाच आणखी एक निकाल महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी आवर्जून वाचावा असा आहे. शिक्षण हक्क कायद्यात सांगितलेल्या 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापना'ची तिथे तपासणी झाली. शिक्षकांनी वर्षभर मुलांच्या नोंदी ठेवल्या. पण मुलांच्या गुणांवर काहीच परिणाम दिसला नाही. नोंद ठेवली, पण त्या नोंदीवरून उद्याच्या तासाला काय बदलायचं हे ठरलंच नाही, तर वह्या भरतात आणि मूल तिथेच राहतं.

निकाल लागला तरच पैसे

राजस्थानच्या भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात याहून वेगळा मार्ग वापरला गेला. 'एज्युकेट गर्ल्स' ही संस्था शाळाबाह्य मुलींना शाळेत आणण्याचं आणि मुलांना वाचन-गणित शिकवण्याचं काम करते. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने कामासाठी सुमारे २ लाख ७० हजार डॉलर आधी गुंतवले. ठरलेला परिणाम दिसला तर ती रक्कम नफ्यासह परत करण्याची जबाबदारी सीआयएफएफ या दुसऱ्या फाउंडेशनची होती. परिणाम दिसला नाही, तर गुंतवणूकदाराचं नुकसान. मोजणारी संस्था तिसरीच, आयडीइनसाइट. या करारप्रकाराला 'डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बॉण्ड' म्हणतात.

किती गावसभा झाल्या याला इथे काही किंमत नव्हती. ८० टक्के रक्कम मुलांच्या शिकण्यावर आणि २० टक्के मुलींच्या प्रवेशावर ठरणार होती.

दुसऱ्या वर्षाअखेर परिस्थिती बिकट होती. शिकण्याचं तीन वर्षांचं जे लक्ष्य होतं, त्याच्या निम्मंच गाठलं गेलं होतं आणि हातात उरलं होतं एक वर्ष. नेहमीच्या प्रकल्पात हे अंतिम अहवालात कळलं असतं, सगळं संपल्यावर. इथे आकडे दरवर्षी येत होते, त्यामुळे संस्थेला पद्धत बदलता आली. मुलांचे पातळीनुसार गट केले, तासांची संख्या वाढवली, वर्गाला न येणाऱ्या मुलांच्या घरी कार्यकर्ते जाऊ लागले. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शिकण्याचं लक्ष्य १६० टक्के आणि प्रवेशाचं ११६ टक्के पूर्ण झालं. गुंतवणूकदाराला मूळ रक्कम आणि वर १५ टक्के परतावा मिळाला.

ही पद्धत सगळीकडे चालेल असं मात्र नाही. एका जिल्ह्यातल्या कामासाठी इतके करार, इतके सल्लागार, दरवर्षी स्वतंत्र चाचणी, हा खर्च छोट्या संस्थेला झेपणारा नाही. शिवाय पैसे निकालावर बांधले की सोपी मुलं निवडण्याचा मोह होतो. भिलवाड्यात तो टाळण्यासाठी तुलनेची गावं होती आणि चाचणी घेणारे लोक बाहेरचे होते. ही काळजी न घेता नुसतं 'रिझल्ट दाखवा, पैसे घ्या' म्हटलं, तर रिझल्ट नक्की दाखवले जातील. मुलं शिकली असतील का, हा प्रश्न शिल्लकच राहील.

छोट्या संस्थेने काय करायचं?

वीस शाळांमध्ये काम करणाऱ्या संस्थेला नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ मिळत नाहीत. त्याची गरजही नसते. 'असर' या वार्षिक पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी वाचन चाचणी एका कागदावर मावते: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. कामाआधी, मध्ये आणि शेवटी हीच चाचणी घेतली आणि पुढच्या वर्षी ज्या शाळांमध्ये जायचं आहे तिथेही घेतली, तर तुलनेचा गट आपोआप तयार होतो. त्या शाळांना काही नाकारलंही जात नाही, फक्त त्यांची पाळी नंतर येते.

मात्र दोन गोष्टी प्रस्तावातच लिहाव्या लागतात. एक, या कामाचा खर्च. तो वेगळा दाखवला नाही तर चाचणीचं काम वर्ग घेणाऱ्या ताईंच्याच गळ्यात पडतं, आणि स्वतःच्या वर्गाला स्वतःच गुण द्यायचे म्हटल्यावर आकडे गोड येतात. दोन, निकाल कुणाच्या हातात कधी पडणार. पुढच्या वर्षीचं नियोजन फेब्रुवारीत होत असेल आणि अहवाल जूनमध्ये येणार असेल, तर तो फक्त फाईलसाठी आहे.

कंपनीचा अहवाल तुम्हीही वाचू शकता

२०२१ मध्ये सीएसआरच्या नियमांत बदल झाला. ज्या कंपन्यांची सीएसआरची सरासरी जबाबदारी १० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं स्वतंत्र संस्थेकडून 'इम्पॅक्ट असेसमेंट' करून घेणं बंधनकारक आहे. त्याचा खर्चही सीएसआरमध्ये धरता येतो. २०२२ च्या दुरुस्तीनुसार त्याची मर्यादा एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख रुपये, यापैकी जी रक्कम जास्त असेल ती. हा अहवाल कंपनीच्या वार्षिक सीएसआर अहवालाला जोडावा लागतो, म्हणजे तो कुणालाही पाहता येतो.

या नियमात एक मोठी फट आहे. हे मूल्यमापन प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर करायचं असतं, पण प्रकल्प सुरू होण्याआधी बेसलाइन घेतलीच पाहिजे असं नियमात कुठे म्हटलेलं नाही. त्यामुळे अनेकदा संस्थेचे लोक दोन वर्षांनी शाळेत पोहोचतात आणि 'तुम्हाला कार्यक्रम आवडला का?' असं विचारतात. फुकट मिळालेलं दप्तर आवडलं नाही, असं कुठलं मूल म्हणेल?

पुढच्या वेळी असा एखादा अहवाल उघडलात, तर लाभार्थ्यांची संख्या आणि समाधानाची टक्केवारी असलेली पानं सोडून पुढे जा. सुरुवातीच्या चाचणीचा तक्ता शोधा, त्यासमोर कार्यक्रम न मिळालेल्या शाळांचा रकाना आहे का ते पाहा. मग 'काय जमलं नाही' असं शीर्षक असलेलं एखादं पान सापडतं का ते बघा. सापडलं, तर बाकीचा अहवालही नीट वाचण्यासारखा असण्याची शक्यता बरीच आहे.